परक्या गावाला दिलेला शब्द

रविवारची मिस्सा आटोपली की आमच्या चर्चच्या आवारात, क्रुसाच्या ओट्याजवळ, चार माणसे घोळका करून उभी राहतात. पूर्वी या घोळक्यात केळीच्या घडाचा भाव, दादरच्या बाजारात फुलांना काय मिळाले, आखातातून कोण सुट्टीवर आले, असे विषय निघत. अलीकडे तिथे वेगळीच भाषा कानांवर पडते. ‘तुमच्या मुलाचे किती गुण झाले?’ ‘कोणता प्रांत घेतला?’ ‘छोट्या गावात गेले की पी. आर. लवकर मिळते म्हणतात, ते खरे का?’ वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावात आता क्वचितच असे घर असेल, की ज्या घरातले एखादे मूल परदेशी शिकायला गेलेले नाही, किंवा जायच्या तयारीत नाही.

आम्ही उभयता या विषयातले जाणकार नव्हेत. एक निवृत्त बँक कर्मचारी आणि एक प्राथमिक शिक्षिका, एवढीच आमची ओळख. परंतु आमची एकुलती लेक कॅनडात आणि आमचा भाचा ऑस्ट्रेलियात. दोघेही मोठ्या शहरांचा मोह टाळून तथाकथित ‘प्रादेशिक’ वाटेने गेलेले. त्यामुळे लोक आम्हाला विचारतात, ‘या दोन्हींतली सोपी वाट कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हाला स्वतःविषयी जे कळले, ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभ २०२२ सालचा. लेक पदवीधर झाली होती आणि तिने परदेशी शिकण्याचा निश्चय केला होता. मुंबईच्या एका एजंटाने टोरांटोजवळच्या एका खाजगी कॉलेजचे माहितीपत्रक आमच्यासमोर ठेवले आणि छातीवर हात ठेवून सांगितले, ‘पी. आर.ची हमी माझी.’ आम्ही पैसे भरण्याच्या बेतात होतो. लेकीने मात्र स्वतः बसून नियम वाचले. सगळ्याच कॉलेजांच्या पदविकेवर पुढे काम करण्याचा परवाना मिळतो असे नाही, हे तिच्या ध्यानात आले. तिने टोरांटोचा नाद सोडला आणि नकाशावर ज्याचे नावही आम्हाला उच्चारता येईना अशा गावावर बोट ठेवले. मिरामिशी, न्यू ब्रन्सविक प्रांत.

खर्चाचा अंदाज २५ लाखांचा होता. काही कर्ज काढले, आणि उरलेल्या रकमेसाठी धाकटी वाडी विकली. त्या वाडीत आमचे बावखल होते. वसईकरांना बावखल म्हणजे काय ते सांगायला नको. पावसाचे पाणी पोटात साठवून सबंध उन्हाळा केळी-भाजीला जगवणारे ते तळे आमच्या वाडवडिलांनी खणलेले. घरचे बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांनी आमचे हात हातात घेऊन एकच मागणे मागितले होते, ‘बावखल बुजवू देऊ नका.’ आम्ही ‘नाही’ म्हटले होते. विक्रीच्या वेळी घेणाऱ्यानेही तोंडी सांगितले, ‘पाणी तसेच ठेवू.’ आम्ही त्यावर विश्वास ठेवला. खरे तर ठेवायचा ठरवला.

आता या वाटांविषयी थोडेसे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे देश आकाराने अवाढव्य, पण बाहेरून येणारी माणसे थोड्याच शहरांत दाटी करतात. टोरांटो, व्हँकुव्हर, सिडनी, मेलबर्न इथे घरे मिळत नाहीत, आणि दूरच्या गावांत म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसे मिळत नाहीत. म्हणून सरकार सांगते : जिथे आम्हाला तुमची गरज आहे तिथे या, शिका, काम करा, राहा, आम्ही तुम्हाला कायम वास्तव्याचा हक्क देऊ. हा एक सौदा आहे, आणि तो उघड आहे. त्यात लपवाछपवी काही नाही.

कॅनडात ही पद्धत १९९८ साली मॅनिटोबा प्रांतापासून सुरू झाली. प्रांत आपल्या गरजेप्रमाणे माणसे निवडतो आणि त्यांची नावे केंद्राकडे पाठवतो. (क्युबेकची निवडपद्धत स्वतंत्र आहे.) अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार छोट्या प्रांतांसाठी, म्हणजे न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड-लॅब्राडॉर यांसाठी, २०१७ साली आणखी एक प्रायोगिक योजना निघाली आणि जानेवारी २०२२ पासून ती कायम झाली. आमच्या लेकीने धरली ती हीच वाट. या चारांपैकी एखाद्या प्रांतातल्या सार्वजनिक अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि पदविका मिळण्यापूर्वीच्या दोन वर्षांत किमान १६ महिने तिथे वास्तव्य केले, तर पूर्वानुभवाची अट विद्यार्थ्याला लागू होत नाही. मात्र प्रांताने मान्यता दिलेल्या संस्थेची नोकरी हातात हवी, भाषेची परीक्षा हवी, तिथे आपण कसे स्थिरावणार याचा आराखडा हवा आणि प्रांताची शिफारस हवी. हा आराखडा तिथल्या सेवासंस्था विनामूल्य करून देतात. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास सावध व्हावे. नोकरीचे पत्र विकणे आणि विकत घेणे हा तर गुन्हाच.

मिरामिशी हे नाव तिथल्या नदीचे. न्यूकॅसल आणि चॅटम ही दोन जुनी गावे आणि आसपासच्या वस्त्या १९९५ साली एकत्र करून हे शहर केले. शहर म्हणायचे, पण लोकवस्ती सुमारे साडेसतरा हजार. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून आलेल्यांचे वंशज इथे पुष्कळ. चॅटमच्या बाजूला सेंट मायकल बॅसिलिका उभी आहे. कागदाचा मोठा कारखाना होता, तो २००७ साली बंद पडला. तरुण मंडळी कामासाठी पश्चिमेला, अल्बर्टाच्या तेलक्षेत्राकडे पांगली. मागे राहिले म्हातारे आईबाप. लेकीने हे सारे फोनवर सांगितले तेव्हा आमच्या मनात आले, हे तर आपलेच गाव! आमच्याकडून मुले आखातात गेली, त्यांच्याकडून अल्बर्टात. फरक इतकाच, की त्यांनी रिकाम्या झालेल्या घरांसाठी माणसे बोलावली. आणि आमच्याकडे रिकाम्या झालेल्या वाड्यांसाठी बिल्डर आले. २००९ साली महानगरपालिकेत गावे ओढली गेली, तेव्हा ‘गाव वाचवा’ म्हणत मोर्चात आम्हीही चाललो होतो. त्याच हातांनी आम्ही तेरा वर्षांनी विक्रीच्या कागदावर सह्या केल्या.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. भाचा २०१८ साली ॲडलेडला गेला. सुमारे चौदा लाख वस्तीचे ते शहर सरकारच्या लेखी ‘प्रादेशिक’ आहे, याची गंमत वाटेल. पण नोव्हेंबर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन वगळता उरलेला देश प्रादेशिकच समजतात. पर्थ, होबार्ट, कॅनबेरा, डार्विन सगळे त्यात आले. तिथे गुणांची पद्धत आहे. अर्जासाठी किमान ६५ गुण लागतात. प्रादेशिक भागात दोन वर्षे राहून शिकल्यास ५ गुण अधिक, आणि ४९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी राज्याने नाव सुचवल्यास १५ गुण. शिक्षणानंतर काम करण्याची मुदतही प्रादेशिक भागात शिकून तिथेच राहणाऱ्याला आणखी एक किंवा दोन वर्षे वाढवून मिळू शकते. गाव जितके लहान तितकी मुदत मोठी.

पण हा ४९१ व्हिसा कायमचा नव्हे. तो पाच वर्षांचा. या काळात राहायचे, कमवायचे, शिकायचे ते नेमलेल्या भागातच. तीन वर्षे असे राहिल्यावर, प्राप्तिकराच्या नोंदी दाखवून, १९१ क्रमांकाच्या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो. भाच्याला २०२२ साली ४९१ मिळाला. पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या एका कंपनीने त्याला दीडपट पगारावर बोलावले. त्याला नकार कळवावा लागला. त्या दिवशी त्याचा फोन आला होता. ‘मामा, दार उघडे दिसते, पण पायात दोरी आहे,’ असे तो म्हणाला. तीन वर्षे त्याने मोजून काढली आणि २०२५ मध्ये अर्ज केला.

दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक मोठा भेद दिसतो. ऑस्ट्रेलिया आधी वर्षे मोजून घेतो आणि मग हक्क देतो. कॅनडा आधी हक्क देतो आणि माणसाच्या शब्दावर विसंबतो. अर्ज करताना ‘मी याच भागात राहण्याचा माझा हेतू आहे’ असे लिहून द्यावे लागते. तो हेतू मुळातच खोटा असेल तर ती खोटी माहिती ठरू शकते. पण एकदा कायम वास्तव्य मिळाले, की १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील सहाव्या कलमाप्रमाणे कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याची व कमावण्याची मोकळीक मिळते. पायात दोरी नाही. असेल तर ती मनाला.

आमची कसोटी लागली ती इथेच.

लेकीची पदविका जून २०२४ मध्ये पुरी झाली. ऑगस्टमध्ये तिला वृद्धांच्या एका सेवागृहात नोकरी लागली. २०२५ च्या आरंभी अर्जाचे कागद तयार झाले आणि तिने एका रविवारी आम्हाला फोन केला. तिच्याबरोबरची मुले सांगत होती, इथे सही करायची, पी. आर. हातात पडले की दुसऱ्या महिन्यात ब्रॅम्प्टन गाठायचे. तिथे आपली माणसे, आपली दुकाने, आपले जेवण. तिने विचारले, ‘पपा, मम्मी, तुम्हाला काय वाटते?’

आम्ही दोघांनी एका सुरात सांगितले, ‘तू सही कर. मग बघू.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, ‘आपल्याकडे साखरपुडा करताना असे म्हणतात का, मग बघू?’

ती रागावली नव्हती. तिने सहज विचारले. पण त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप आली नाही. वीस-बावीस वर्षे आम्ही तिला सत्य बोलण्याचे धडे दिले. एकाने बँकेत दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात हयात घालवली, दुसरीने फळ्यावर सुविचार लिहिण्यात. आणि लेकीच्या आयुष्यातल्या एका मोठ्या सहीपाशी आम्ही तिला जो सल्ला दिला, तो एजंटानेही दिला असता. त्याहून बोचरे म्हणजे, तो आमचा पहिला ‘मग बघू’ नव्हता. बाबांच्या हातात हात देऊन ‘नाही बुजवू देणार’ म्हणालो होतो, तेव्हाही मनाच्या तळाशी हेच दोन शब्द होते. २०२४ च्या उन्हाळ्यात बावखल बुजले. चार दिवस डंपर येत-जात होते. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. लेकीला ही गोष्ट कळवली नाही. परीक्षेचे दिवस आहेत, म्हणून पुढे ढकलली. परीक्षा संपून बरेच महिने उलटले होते.

पुढच्या रविवारी आम्ही तिला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, ‘आता तिथे जे काही आहे त्याचा फोटो पाठवा. जुना नको.’ आम्ही पाठवला. लाल मातीचे सपाट मैदान आणि कडेला एक वाकलेली केळ.

कोणी म्हणेल, शब्द पाळण्याचा एवढा आग्रह एका बाजूनेच का? हा आक्षेप खोटा नाही. सरकारे स्वतः कोठे शब्दाला जागतात? फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंडने प्रांतिक नामनिर्देशनाची संख्या चतुर्थांशाने घटवली आणि दुकाने, खाणावळी यांत काम करणाऱ्यांना मागे टाकले. त्या आशेवर दूरदुरून तिथे येऊन राहिलेली मुले मे महिन्यात शार्लटटाऊनमध्ये आंदोलनाला बसली. काहींनी उपोषण केले. त्यांत भारतीय बहुसंख्य होते. २०२५ साठी केंद्राने सर्व प्रांतांचे मिळून लक्ष्य १ लाख १० हजारांवरून ५५ हजारांवर आणले. नोव्हेंबर २०२४ पासून नव्याने अर्ज करणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांना ठराविक विषयांतल्या पदविकेवरच पुढचा कामाचा परवाना मिळतो, आणि भाषेची परीक्षा त्याहून निराळी. ११ गावांसाठी २०१९ साली काढलेली ग्रामीण योजना २०२४ मध्ये मिटली. जानेवारी २०२५ मध्ये १४ ठिकाणांसाठी दुसरी उघडली. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलरवरून जुलै २०२४ मध्ये १६०० आणि वर्षभरात २००० डॉलर केली. शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसाची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ३५ वर आणली. मूल शिकायला निघते तेव्हाचे नियम ते शिकून बाहेर पडेपर्यंत टिकतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जो देतो, त्याच्यापासून दूर राहावे.

म्हणून जी मुले पी. आर. मिळाल्यावर मोठ्या शहरात गेली, त्यांना बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. कायदा त्यांना मोकळीक देतो. कोणाची नोकरी सुटते, कोणाचे लग्न ठरते, कोणाला त्या थंडीत एकाकीपण असह्य होते. खऱ्या मनाने राहायला जाणे आणि पुढे परिस्थितीने निघावे लागणे, यात फसवणूक नाही. पायरीवर पाय ठेवतानाच पाठ फिरवायचे ठरवणे, ही गोष्ट वेगळी. आपली वसईकरांची ख्याती ‘सही केली की दुसऱ्या महिन्यात जाणारे’ अशी झाली, तर नुकसान मागून येणाऱ्या मुलांचे होईल.

आणि शब्द नेमका कोणाला दिला जातो? ओटावाच्या कचेरीला? लेकीने याचे उत्तर तिच्या परीने शोधले. तिच्या सेवागृहात ९२ वर्षांच्या एक आजी आहेत. त्यांचा मुलगा कागदाच्या कारखान्यात होता; कारखाना बंद पडल्यावर तो अल्बर्टाला गेला तो तिकडचाच झाला. आजींना लेकीचे नाव आठवत नाही, पण रोज संध्याकाळी पांघरूण सारखे करून ती निघाली की त्या एकच प्रश्न विचारतात, ‘उद्या येशील ना?’ लेक म्हणाली, ‘मी रोज येईन म्हणते. मग अर्जावर वेगळे काय लिहू?’

तिने सही केली. मनापासून केली. निदान पाच वर्षे मिरामिशी सोडायची नाही, असे तिने स्वतःशी ठरवले आहे, पुढचे पुढे. प्रांताची शिफारस मिळाली, अर्ज केंद्राकडे गेला आहे. हे लिहीत असताना निकाल आलेला नाही. तो विरुद्ध गेला तर काय, हा विचार आम्हाला रात्री जागवतो. वाडी गेली, बावखल गेले, कर्ज फिटायचे आहे. पण ‘मग बघू’ म्हणण्याची इच्छा आता होत नाही.

क्रुसाच्या ओट्याजवळ आम्हाला विचारणाऱ्यांना आम्ही आता असे सांगतो. कॉलेज सार्वजनिक आहे का आणि त्याच्या पदविकेवर कामाचा परवाना मिळतो का, हे सरकारी नियमांत स्वतः वाचा. सल्लागार नेमलाच तर त्या देशाच्या नोंदवहीत त्याचे नाव आहे का ते तपासा. वाट बंद झाली तर परत येऊन कर्ज फेडता येईल, इतकेच कर्ज काढा. मुलाला शिस्तीचे कुंपण हवे असेल तर ऑस्ट्रेलियाची तीन वर्षे त्याला सोपी जातील; विश्वास पेलणारा असेल तर अटलांटिकची वाट त्याच्यासाठी आहे. आणि या सगळ्याच्या आधी मुलाला एक प्रश्न विचारा, जो आम्ही विचारला नव्हता : ‘त्या गावात तुला राहायचे आहे का?’ गुण, मुदत, फी यांची तुलना कोणीही करून देईल. या प्रश्नाचे उत्तर मात्र घरातच द्यावे लागते.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी समुद्र ओलांडून जपानला गेले. तिथली भाषा शिकले, तिथल्या माणसांत मिसळले, आणि १५९७ साली नागासाकीला त्यांनी प्राण ठेवला. परमुलखात जाणे आमच्या मातीला नवे नाही. लेकीने परवा सांगितले, एप्रिलमध्ये मिरामिशी नदीवरचा बर्फ फुटतो तेव्हा गाव ते पाहायला काठावर जमते; यंदा तीही त्यांच्यात उभी होती. शेजारच्या बाईंनी तिला विचारले, ‘तुमच्याकडे नदी आहे का?’ तिने त्यांना बावखलाविषयी सांगितले. ते आता नाही, हेही सांगितले.